ब्रेकवर उभं राहायचे दिवस

1962 साली मद्रासमध्ये ब्रेक बनवणाऱ्या दोन कंपन्या स्थापन झाल्या. ब्रेक्स इंडिया ही इंग्लंडच्या गर्लिंगच्या सहकार्याने, आणि सुंदरम-क्लेटन ही लिंकनच्या क्लेटन देवांद्रच्या सहकार्याने. गोवा मुक्त झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. डिचोलीच्या गॅरेजात मी जन्मभर जे उघडलं, धुतलं आणि पुन्हा बसवलं, त्यातलं बरंचसं या दोन घरांचं. मोटारींवर लिहिणारे लोक इंजिनावर लिहितात, वेगावर लिहितात. आमच्या पेडणे-डिचोलीकडे गाडी किती पळते हे कोणी फारसं विचारत नसे. मालपेच्या उतरणीवर ती आवरते का, फेरीच्या धक्क्यावर उभी राहते का, सारमानसच्या जेटीकडे निघालेला भरलेला टिपर वळणाआधी हातात येतो का, हे प्रश्न जिवाचे होते. म्हणून ब्रेकच्या बूस्टरची गोष्ट या दोन तालुक्यांतल्या मेस्ताच्या, म्हणजे मेकॅनिकच्या, बाजूने एकदा लिहायची होती.

बूस्टरची कल्पना आल्बेर देवांद्र या बेल्जियन इंजिनिअरची. त्याचे हक्क घेऊन जर्मनीच्या बॉशने 1927 मध्ये बॉश-देवांद्र सर्वो ब्रेक बाजारात आणला. त्याच सुमारास अमेरिकेत ब्रॅग आणि क्लिएसराथ या जोडीचा बूस्टर पिअर्स-ॲरो गाडीत बसला. तत्त्व दोन्हीकडे तेच. पेट्रोल इंजिन श्वास घेताना थ्रॉटलची झडप अर्धी मिटलेली असते, त्यामुळे आतल्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. एका पत्र्याच्या गोल डब्यात मधोमध रबरी डायफ्राम ताणायचा आणि दोन्ही बाजूंची हवा त्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. पेडलवर पाय पडला की मागच्या बाजूची छोटी झडप उघडते, बाहेरची हवा आत शिरते आणि डायफ्रामला पुढे ढकलते. तो धक्का तुमच्या पायाच्या जोरात मिळवला जातो. चांगलं इंजिन रिकामं चालू असताना 18 ते 20 इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम देतं. 8 इंचाच्या डायफ्रामचं क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हिशेब केला तर 20 इंचांना सव्वादोनशे किलोचा जोर येतो. प्रत्यक्षात झडप, स्प्रिंग आणि घर्षण त्यातला काही वाटा खातात. तरी एका म्हाताऱ्या माणसाच्या पायाला एवढी मदत मिळणं ही काय गोष्ट आहे, हे ज्याने बूस्टर नसलेली गाडी घाटात चालवली त्यालाच कळेल.

व्हॅक्यूमने ब्रेक लावायची रीत गोव्याला रेल्वेमुळेही ठाऊक होती. मुरगाव ते कॅसलरॉक या तेव्हाच्या मीटरगेजवर ब्रागांझा घाट आहे, चढ 37 फुटांना 1 फूट. तिथल्या गाड्यांचा ब्रेक व्हॅक्यूमवर चालायचा, पण उलट्या तऱ्हेने. व्हॅक्यूम असेपर्यंत ब्रेक सुटलेला. पाइप तुटला, हवा आत गेली की गाडी आपोआप थांबते. मोटारीत नेमकं याच्या विरुद्ध आहे. बूस्टरचा पाइप तुटला की मदत गेली, उरतो फक्त तुमचा पाय. हा फरक माझ्या बाबांनी मला पहिल्याच पावसाळ्यात शिकवला. पुढे मी प्रत्येक नव्या पोराला तोच आधी सांगत आलो.

बाबा मूळचे धारगळचे. पन्नासच्या दशकात म्हापशाच्या एका गॅरेजात ते कामाला लागले. भारताने 1955 मध्ये गोव्याची नाकेबंदी केली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला आमच्या तालुक्याच्या सीमेवर, पत्रादेवीला, पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. सीमा बंद झाली आणि बंदर उघडं राहिलं. खनिज बोटींतून बाहेर जाई, आणि त्या पैशांवर युरोपातून गाड्या येत. मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवॅगन, ऑस्टिन, इंग्लिश फोर्ड अशा गाड्या बाबांच्या हाताखालून गेल्या. मुंबईतल्या मेस्तांना तेव्हा जे पाहायला मिळत नव्हतं ते म्हापशात रोज उघडून ठेवलेलं असे. गाड्या उत्तम होत्या. पण बहुतेकांना चारही चाकांना ड्रम आणि मधे कसलीच मदत नाही. उतरणीला ड्रायव्हर सीटवरून उठून पेडलवर अक्षरशः उभा राहायचा. बाबा गाडी ट्रायलला नेत तेव्हा उजव्या पायातली चप्पल काढून ठेवत, पेडल किती देतंय हे तळव्याला कळावं म्हणून.

मुक्तीनंतर या गाड्यांचे सुटे भाग येणं थांबलं. आयात परवाने मिळेनात, आणि गाड्या तर चालवायच्याच होत्या. मग सुरू झाली ती जुळवाजुळव, आणि आमच्या धंद्याची खरी शाळा मी तिलाच मानतो. व्हील सिलिंडर झिजला की तो बेळगावला न्यायचा, उद्यमबागेत लेथवर मोठा करून आत पितळेचा स्लीव्ह बसवायचा, आणि ॲम्बॅसडर किंवा फियाटचा रबर कप ज्या मापात बसेल तेवढाच बोअर ठेवायचा. मद्रासचे कप, बेळगावचं पितळ, जर्मनीचा ओतीव सिलिंडर. असल्या ब्रेकवर गाड्या आणखी वीस-वीस वर्षं चालल्या. बाबांची एक वही होती. तिच्यात कुठल्या गाडीच्या सिलिंडरला कुठला कप जातो एवढंच लिहिलेलं असे, मराठी आकड्यांत, इंचाच्या सोळाव्या-बत्तिसाव्या भागापर्यंत.

आता पेडण्याच्या नद्या. उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा. कोलवाळचा पूल सोडला तर किनाऱ्याकडून जायला तेव्हा फेरीच. शिवोली-चोपड्याचा पूल झाला तोपर्यंत त्या धक्क्यावर मी कित्येक गाड्या घसरताना पाहिल्या. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग शेवाळाने हिरवा असतो. त्यावरून गाडी फेरीत उतरवताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची पद्धत होती. घाटातही तेच चाले: उतार लागला की गिअर काढायचा, चावी फिरवायची आणि गाडी नुसती सोडून द्यायची. ड्रमच्या, बिनबूस्टरच्या गाडीत हे वाईट असलं तरी निभावून जाई, कारण इंजिन बंद असो वा चालू, ब्रेक तेवढाच कठीण. मग बूस्टरवाल्या गाड्या आल्या आणि हीच सवय जिवावर उठली. बूस्टरच्या डब्याला एकेरी झडप असते. इंजिन बंद झालं तरी आतला व्हॅक्यूम ती धरून ठेवते, पण तो दोन-तीन वेळा पाय मारण्यापुरताच. चौथ्या वेळी पेडल दगडासारखं होतं, आणि हलक्या पेडलची सवय लागलेल्या माणसाला वाटतं ब्रेक फेल झाला. ब्रेक फेल झालेला नसतो. त्याला पुन्हा पेडलवर उभं राहायला हवं असतं, आणि ते त्याला आता माहीत नसतं. अपघात होऊन दोरीने ओढून आणलेल्या अशा गाड्या मी उघडल्या आहेत. आत सगळं शाबूत होतं.

डिझेल गाड्यांचं आणखी वेगळं. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी श्वासावर झडप नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये उपयोगी पडेल असा व्हॅक्यूमच नाही. तो वेगळ्या पंपाने तयार करावा लागतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जीप-टॅक्सींत तो पंप आल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. त्याचं ऑइल गळायला लागलं की ब्रेक हळूहळू जड होतो. ते इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला कळतच नाही. दुसरा माणूस गाडीत बसला की ओरडतो. चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर, साधारण 800 मीटरवर, हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी, म्हणून बूस्टरची ताकदही तेवढी कमी. निरोगी गाडीला त्याने काही होत नाही. पंप आधीच अर्धा मेलेला असेल तर बेळगावहून उतरताना त्याची किंमत मोजावी लागते.

हे झालं छोट्या गाड्यांचं. पण ब्रेकला बाहेरची ताकद जोडायची विद्या डिचोलीत रुजली ती खाणींमुळे, आणि हे मला ठासून सांगायचं आहे, कारण जुन्या गाड्यांच्या शौकिनांना याचा पत्ता नसतो. शिरगाव, मये, पिळगाव, वेळगे, सुर्ल, पाळी, कोठंबी या पट्ट्यातून खनिज ट्रकांनी मांडवीच्या जेट्यांवर जाई आणि तिथून बार्जने मुरगावला. खाणी डोंगरावर आणि जेट्या नदीकाठी, म्हणजे ट्रक भरलेला असताना नेमका उतरतो आणि चढताना रिकामा असतो. इंजिनाचं काम सोपं, ब्रेकचं कठीण. 16 टनांचा भरलेला टिपर 50 मीटर खाली उतरला आणि वेग वाढू द्यायचा नसला, तर जी शक्ती सुटते ती 25 लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळायला पुरते. गिअरमध्ये इंजिनाने अडवलेलं सोडून ती सगळी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये जाते. मग खाली जाऊन तोच ट्रक रिकामा वर, पुन्हा भरून खाली, आणि फेऱ्यांवर पैसे. ड्रायव्हर घाईत असे तो हौसेने नव्हे.

जुन्या मध्यम टाटांत पाय तेलावर पडे आणि मदत हवेची असे. मोठ्या टिपरांत पुढे सगळं काम हवेनेच होऊ लागलं. गाडीच्या बूस्टरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम पाऊण किलोचा दाब, टिपरच्या टाकीत सात-आठ किलोचा. दहापट. देवांद्रचं नाव असलेल्या इंग्लिश कंपनीचं ज्ञान मद्रासमार्गे इथे पोचलं ते याच हवेच्या ब्रेकमधून. कॉम्प्रेसर, टाकी, फूट व्हॉल्व्ह, चेंबर, स्लॅक ॲडजस्टर ही नावं साखळी-डिचोलीची पोरं शाळेतल्या कवितांसारखी पाठ म्हणत. आमच्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं. पावसाळ्यात टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडला नाही तर ते पाणी कॉम्प्रेसरच्या ऑइलबरोबर घुसळून पिवळट साय बनते आणि थेट व्हॉल्व्हमध्ये जाते. लायनर झिजला आणि स्लॅक काढला नाही तर चेंबरचा दांडा पूर्ण बाहेर येऊनही शू ड्रमला नीट टेकत नाही. काटा आठ किलो दाखवतो आणि ट्रक थांबत नाही. पात्रांवाला, म्हणजे मालकाला, काटा दिसतो, स्लॅक दिसत नाही. चाकाखाली झोपून तो बघणारा एकच माणूस असे, आणि रस्त्यावरच्या गावांतली माणसं त्याच्यावर अवलंबून असत. मयेच्या किंवा पिळगावच्या लोकांनी ट्रकांविरुद्ध रस्ता अडवला तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. ब्रेक कुठल्या अवस्थेत असतात हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

या कामाने माणसंही झिजली. लायनरमध्ये तेव्हा ॲस्बेस्टॉस असे. ड्रम काढला की काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवायची, कधी तोंडाने फुंकायची, ही सगळ्या गॅरेजांची रीत होती. कोणी मास्क लावला नाही, कोणी लावा म्हटलं नाही. त्या पिढीतल्या मेस्तांच्या छातीची तपासणी कोणी तरी करायला हवी होती. ती झाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

याच हातांकडे आता शौकाच्या गाड्या येतात. मोरजी-आश्वे-मांद्रेकडे बाहेरच्या लोकांनी घरं घेतली, त्यांच्याबरोबर जुन्या गाड्याही आल्या. फियाट, हेराल्ड, आणि एकदा एक एमजीबी. इंग्लंडच्या ॲबिंग्डनमध्ये 1962 ते 1980 पर्यंत बनलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार, 1798 सीसीची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. सुरुवातीच्या गाड्यांत बूस्टर नव्हताच. पुढे तो पैसे भरून मिळे आणि शेवटी कायमचा आला. मालकाचं म्हणणं सरळ होतं: "मेस्ता, पेडल फार कठीण आहे, बूस्टर बसवा, मोठ्यातला मोठा."

मी गाडी उचलली आणि चारही चाकं काढली. समुद्राच्या वाऱ्याने कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकलेले. पुढचा रबरी पाइप बाहेरून चांगला, आतून फुगून बंद झालेला. मागचा एक व्हील सिलिंडर घट्ट. ब्रेक ऑइल काळं, म्हणजे वर्षानुवर्षं पाणी पीत बसलेलं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर त्याच ऑइलची हमी 155 अंशांपर्यंत उतरते. उतरणीवर ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला. या गाडीवर बूस्टर बसवला असता तर अडकलेल्या पिस्टनांवर दुप्पट जोर पडला असता, चालणाऱ्या चाकांनाही तेवढाच, आणि पावसात ती एका बाजूला फिरली असती. मी मालकाला सांगितलं, आधी गाडीचा आहे तो ब्रेक परत आणू. पिस्टन, सील, पाइप, ऑइल सगळं नवं केलं. पेडल अर्धं हलकं तेवढ्यानेच झालं. मालकाने मांद्र्यापर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला, "आता बूस्टर हवाय का ते मलाच कळेना."

तरी तो बसवला, कारण गाडी त्याची पत्नीही चालवायची आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. याहून चांगलं कारण मला माहीत नाही. पेडलच्या पुढे मोठ्या डब्याला जागा नव्हती, म्हणून लांब बसवायचा लॉकहीड पद्धतीचा सर्वो घेतला. हा मास्टर सिलिंडरपासून दूर इंजिनच्या बाजूला बसतो आणि तेलाच्या पाइपमध्येच दाब वाढवतो, पायाच्या जोराला 1.9 पट. मालकाला त्याहून मोठा हवा होता. मी नाही म्हटलं. या गाडीत मागच्या चाकांचा दाब वेगळा आवरणारा व्हॉल्व्ह नाही. हलकी गाडी, मागे ड्रम, आणि आमच्याकडचा खनिजाच्या लाल चिखलाचा ओला रस्ता. जास्त ताकद म्हणजे मागची चाकं आधी घट्ट आणि शेपूट पुढे.

काम मात्र नाजूक होतं. सर्वो तिरका, सांगितलेल्या कोनातच बसवावा लागतो, नाही तर त्याच्या पोटातली हवा निघत नाही आणि पेडल स्पंजासारखं राहतं. सगळ्यात मोठा धोका आट्यांचा. जुन्या इंग्लिश गाड्यांचे ब्रेक पाइप 3/8 इंच यूएनएफ, मारुतीपासूनच्या गाड्यांचे 10 मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. इंग्लिश नट 10 मिलिमीटरच्या भोकात दोन-तीन आटे जातो, घट्टही लागल्यासारखा वाटतो, आणि एका जोराच्या ब्रेकला उपटून येतो. शेल्फवर मी दोन्ही नट वेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवतो, आणि माझ्या भाच्याने ते एकत्र ठेवलेले दिसले तर मी आवाज चढवतो. व्हॅक्यूमचा पाइप मॅनिफोल्डवरून घेतला, मधे एकेरी झडप, आणि पाइप तोच जो व्हॅक्यूमने आत दबत नाही. साधा पेट्रोलचा पाइप लावणारे आहेत; गरम झाला की तो चपटा होतो आणि बूस्टर आहे तिथे असून नसल्यासारखा.

बूस्टर चालतोय का हे पाहायला यंत्र लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत पंप करा. पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं की बूस्टर जिवंत. नाही बसलं तर झडप, पाइप किंवा डायफ्राम यांपैकी काही तरी गेलं. बूस्टर असलेली जुनी गाडी विकत घेताना प्रत्येकाने हे करावं, विकणाऱ्यासमोरच.

खाणी 2012 मध्ये बंद झाल्या. मधे काही काळ सुरू झाल्या, आणि 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोली-साखळीच्या आवारांत टिपर उभेच गंजले, टायरांतून झाडं उगवली. लायनर बसवणारी दुकानं बंद झाली. रिव्हेट मारण्यात ज्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं असे दोन जण आता पेडण्यात टॅक्सी चालवतात. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला, त्याच्या रांगेत. त्यांच्या नव्या गाड्यांत एबीएस आहे. त्या रांगेत विजेवरची गाडीही दिसते, आणि तिच्यात तर व्हॅक्यूम देणारं इंजिनच नाही. छोटी मोटर मदतीला असते. ती पहिल्यांदा बनवणाऱ्यांत तेच बॉश होतं ज्याने 1927 मध्ये देवांद्रचा डबा विकला. माझा भाचा लॅपटॉप लावून ती तपासतो, आणि चांगली तपासतो.

डिचोलीच्या पहिल्या ब्लॉकमध्ये 2024 च्या एप्रिलपासून पुन्हा खनिज निघू लागलं आहे आणि नवे टिपर माझ्याकडे यायला लागले आहेत. केबिन थंडगार, समोर पडदा, स्टिअरिंग बोटाने फिरणारं. चाक काढलं की मात्र आत तोच ड्रम, तोच शू, तोच लायनर, आणि टाकीत तेच पाणी. मृग लागायच्या आधी पात्रांवांनी टिपर एक दिवस उभा करावा आणि चारी बाजू उघडून दाखवाव्यात. त्या दिवसाची फेरी बुडेल, आणि ती बुडालेली ड्रायव्हरच्या पगारातून कापू नये.